समासातल्या रेघा

जगाच्या हवामानाचं मॉडेल लोणावळा आणि तळेगाव दाभाडे यांत फरक करत नाही. दोन्ही एकाच चौकोनात बसतात. त्या चौकोनात घाट नाही, नागफणीचा सुळका नाही, वडिवळ्याचं धरण नाही. आहे ती एक सरासरी उतरण, आणि तिच्यावर सगळीकडे सारखा पाऊस. मी तळेगावात राहते. आमच्या सोसायटीत गॅलरीत कपडे वाळत असतात तेव्हा लोणावळ्यात लोक गुडघाभर पाण्यातून चालत असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मॉडेलला नाही. ते ठाऊक करून देणं ही माझी नोकरी. मोठ्या चौकोनाचे लहान चौकोन करायचे, त्यांत डोंगर-दऱ्या बसवायच्या, आणि मग विचारायचं, आणखी पंचवीस-तीस वर्षांनी इथे किती पडेल? याला डाउनस्केलिंग म्हणतात. सोसायटीत कुणी विचारलं तर मी 'पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते' एवढंच सांगते आणि लिफ्टचं बटण दाबते.

वडिलांना मात्र एकदा नीट समजावून सांगितलं. ते वडिवळ्याला भात करतात. जाड चाळण, बारीक चाळण असं काय काय सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळून झाली, मग म्हणाले, "मंजी येवढ्या मोठ्या मॉडेलला आजून घाट दिसलाच न्हाई?"

"नाही."

"मंग त्याला येकदा यष्टीत बसवून खंडाळ्याला धाड की."

माझ्या साहेबांना बारा वर्षांत एवढं नेमकं सांगता आलेलं नाही.

पण लहान चौकोन केले म्हणून मॉडेल शहाणं होतं असं नाही. त्याचं खरं-खोटं ताडून बघायला जमिनीवरच्या नोंदी लागतात, म्हणजे खरोखर पडलेला पाऊस रोज कुणीतरी मोजून लिहिलेला लागतो. धरणांवर तशा नोंदी आहेत. मोठ्या गावांत आहेत. डोंगरातल्या वाड्यांत कोण कशाला ठेवेल? म्हणून कुरवंड्याच्या पुढच्या एका वाडीच्या वह्या हाती आल्या तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. कुठल्याशा जुन्या योजनेत त्या वाडीत पर्जन्यमापक बसवला होता. योजना गुंडाळली, बसवणारे साहेब निघून गेले, पण नोंद घेणाऱ्या बाईंना थांबा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या थांबल्या नाहीत. वीसेक वर्षं, रोज सकाळी साडेआठला. गौरी जेवायच्या दिवशीसुद्धा. वही भरली की ती ग्रामपंचायतीच्या कपाटात नेऊन ठेवायची आणि नवी सुरू करायची. अक्षर दुसरीच्या मुलीचं, पण एक दिवस सुटलेला नाही.

आमच्याकडे आकडे भरून घेणाऱ्या एक बाई आहेत. निवृत्तीला आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, कुणाला भीक न घालणाऱ्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "अहो, समासात रेघा आहेत. कुठे तीन, कुठे पाच. त्यांचं काय करू?"

मी मान वर न करता म्हटलं, "सोडून द्या. पेन चालतं का बघितलं असेल."

"पेन्सिलीच्या आहेत."

"मग पेन्सिल चालते का बघितलं असेल."

त्यांनी रेघा सोडून दिल्या. त्यांचं ते ऐकणं मला नंतर फार महागात पडलं.

त्या वह्यांत एक गंमत होती. आजूबाजूच्या ठिकाणी एका दिवसात धो धो पाऊस पडल्याच्या नोंदी होत्या, पण या वाडीत दोनशे मिलिमीटरच्या वर आकडा कधी गेलाच नव्हता. वीस वर्षांत एकदाही नाही. माझं बारीक चौकोनांचं मॉडेल मात्र त्याच वाडीच्या डोक्यावर त्याच्या कितीतरी वर पाऊस ओतत होतं. मी काय करावं? मी मॉडेलचे कान उपटले. वहीत आहे तेवढंच खरं, जास्तीचं कापून टाक, असं त्याला शिकवलं. आणि नुसतं शिकवून थांबले नाही, कारणही शोधून काढलं. कोकणातून येणारे ढग नागफणीच्या सुळक्यावर आपटतात, त्यांचा जोर तिथेच मोडतो, आणि मागची वाडी आडोशाला राहते. आकृत्या काढल्या. बाण दाखवले. शोधनिबंध लिहिला. एका परीक्षकानं माझ्या कारणमीमांसेला 'सुंदर' म्हटलं. मी तो कागद जपून ठेवला होता, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमाराला एका इंजिनिअरांचा फोन आला. बोलणं अदबीचं. त्यांना त्याच वाडीचा आकडा हवा होता. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे, पावसाळ्यात तो वाडी तोडून टाकतो. "दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका बाईला बाळंतपणासाठी अलीकडे आणता आलं नाही. मूल गेलं," ते म्हणाले. "त्यानंतर कुठे मंजुरी आली. आता प्रश्न असा की सिमेंटचे मोठे नळ टाकून ठेंगणी मोरी करायची की स्लॅबचा उंच पूल. गावकऱ्यांना विचारलं तर एक म्हातारी म्हणते सात पायऱ्या पाणी चढतं. आता पायऱ्या हे काय माप झालं? तुमचं कसं, शास्त्रीय आहे."

मी फुशारले. पुढच्या तीस वर्षांत त्या ओढ्याच्या डोक्यावर एका दिवसात जास्तीत जास्त किती पडेल ते त्यांना सांगितलं, दशांशचिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत.

"मग तीन नळांत भागतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. मलाही आनंद झाला. आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं असं आमच्या धंद्यात फारसं होत नाही.

वाडीत मी गेले ती फोटो काढायला. एका परिषदेत बोलायचं होतं आणि पर्जन्यमापकाशेजारी उभ्या असलेल्या बाईंचा फोटो पडद्यावर बरा दिसतो. ज्येष्ठ संपत आला होता. मी बुधवार निवडला. शनिवार-रविवारी पावसात लोणावळ्याला जावं लागेल एवढं वाईट मी कुणाचं केलेलं नाही. कुरवंड्याच्या पुढे गाडी लावली आणि ओढ्याशी आले. काठावर सिमेंटचे तीन जाडजूड नळ येऊन पडले होते. समोरच्या काठावर दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, कपडे धुवायच्या, जुन्या, एकूण नऊ. खालची एक बुडालेली. पाणी पोटरीला लागत होतं. पलीकडे गेले तोवर पावसानं असा काही जोर धरला की छत्री हातात असणं आणि नसणं सारखंच.

सव्वाआठ झाले होते. नोंद घेणाऱ्या बाईंच्या अंगणाच्या टोकाला, तारेच्या कुंपणात, पर्जन्यमापक होता. म्हणजे असावा. दिसत होतं ते इरलं. पूर्वी भातलावणीला बायका पाऊस लागू नये म्हणून डोक्या-पाठीवर घेत ते बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं इरलं. आता कुणी वापरत नाही, सगळ्यांचे प्लास्टिकचे कागद आले. इथे ते पर्जन्यमापकाला घातलं होतं. उडू नये म्हणून वर दगडसुद्धा ठेवला होता.

मी तशीच उभी राहिले. पाणी मानेतून पाठीत उतरत होतं.

मावशी घरातून बाहेर आल्या. साठीच्या, काटक, डोक्यावर पोतं. मला बघून हसल्या. "पुन्याच्या म्याडम का तुमी? या, या, भिजताय कशाला."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"इरलं."

"ते दिसतंय मला. याच्यावर का घातलंय?"

"पाऊस लय हाय की," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईच्या वयाच्या बाईवर मी ओरडले. पाऊस मोजायच्या यंत्रावर पाऊस पडू नये म्हणून झाकण? अक्कल कुठे गहाण टाकली का? इतकी वर्षं हेच चाललंय का? असं बरंच बोलले. मावशींनी माझं बोलणं संपू दिलं. पावसातच. मग म्हणाल्या, "पैल्याच वर्साला ह्यातली बाटली भरून व्हायली. मी तसंच लिवलं, भरून व्हायलं. सायब आला आन् अंगावर धावून आला. म्हनला, भरून व्हायलं म्हंजी नोंद फुकट गेली. त्यानंच खोडून दोनशे लिवलं. फिरून आसं व्हता कामा न्हाई. मंग मी व्हऊ दिलं न्हाई. बाटली भरत आली, न्हाईतर पावसानं आसा जोर धरला, का इरलं. तवापासनं येकदा बी व्हायलं न्हाई, बगा वही."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. बाटली दोनशे मिलिमीटरची होती.

मी बघितली होती वही. मी त्या वहीवर नागफणीचा डोंगर उभा केला होता, ढग आपटवले होते, बाण काढले होते. वाडी आडोशाला होती हे खरंच होतं. फक्त तो आडोसा दोन हात रुंदीचा होता आणि त्याच्यावर दगड ठेवलेला होता. एकटं मॉडेल तेवढं खरं बोलत होतं, आणि त्याचे कान मीच उपटले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटण्याचे प्रसंग आयुष्यात दोन-तीनच येतात. त्यातला हा एक.

त्यांनी मला घरात नेलं, पाठ पुसायला लुगड्याचं धडपं दिलं, चुलीशी बसवलं. चहा एक मुलगी घेऊन आली. मुलगी म्हणजे सून, पंचविशीची. आठ महिने भरलेले दिसत होते. तिनं कप ठेवला आणि भिंतीला हात लावून हळूच बसली. मला एकदम इंजिनिअरांचं बोलणं आठवलं. वाडीत घरं अकरा. मी विचारायला नको होतं, तरी विचारलं.

"व्हय, हीच ती," मावशी म्हणाल्या. "आषाढात कळा आल्या. तीन दिस वढा उतरला न्हाई. हितंच झालं. पोरगा व्हता. न्हाई ऱ्हायला." सून जमिनीकडे बघत होती. "आता पूल येतोय म्हनून तर हिला म्हनलं, भिऊ नको. ह्या पावसाला न्हाई, पर फुडं तरी. नळ बी येऊन पडलेत. पर म्याडम, नळ बारीक दिसत्यात हो. मी त्या विंजिनेरला सांगितलं, सात पायऱ्या चढतंय पानी. तो म्हनला, पुन्याहून आकडा आलाय."

"आकडा माझा आहे," मी म्हटलं. "तुमच्या वहीतून काढलाय."

माझ्या हाताखालच्या मुलांना जे समजावून द्यायला अख्खा तास लागला असता ते मावशींना समजायला एक घोट लागला. त्यांनी कप खाली ठेवला. बाहेर इरल्याकडे बघितलं. "म्हंजी मीच आडवी आले व्हय हिला?"

"नाही मावशी. मी. मी विचारायला यायला हवं होतं."

हे मी आवाज न चढवता बोललेलं त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

त्या उठल्या आणि चालू वही घेऊन आल्या. "इरलं घातलं का मला बरं न्हाई वाटायचं," त्या म्हणाल्या. "पडलेलं पानी कुटं लपतंय? म्हनून मंग वढ्यावर जाऊन पायऱ्या मोजायची. जेवढ्या बुडाल्या तेवढ्या हितं कडंला." आणि त्यांनी समासावर बोट ठेवलं. पेन्सिलीच्या रेघा. तीन. चार. मागच्या वर्षीच्या एका पानावर सात.

पूल बांधायला पाऊस किती पडतो हे माहीत असायची गरजच नसते, पाणी किती चढतं ते माहीत असावं लागतं. आख्ख्या पृथ्वीवरून सुरुवात करून, चौकोन बारीक करत करत, मी ज्या ओढ्यापर्यंत पोचायला निघाले होते, त्याची वीस वर्षांची उंची समासात लिहिलेली होती. आणि मी म्हटलं होतं, पेन्सिल चालते का बघितलं असेल.

पावसानं उसंत घेतल्यावर आम्ही टेप घेऊन ओढ्यावर गेलो. टेपचं एक टोक मावशींच्या हातात, दुसरं माझ्या. पायरीपायरीची उंची मोजली. मग काठावर पडलेल्या नळाचीही मोजली. नळ बसवल्यावर त्यांचा माथा चौथ्या पायरीशी येत होता. पाचव्या रेघेला मोरी पाण्याखाली. "आन् आमी कितव्याला अडकतो?" मावशींनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं, "दोनाला. दोन रेघा झाल्या का मानूस जात न्हाई."

इंजिनिअरांना मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, पेन्सिलीच्या रेघा मी वर कशा पाठवू? आणि तुमचा तो शास्त्रीय आकडा?"

"चुकीचा आहे."

"हे लेखी द्याल?"

दिलं. अतिवृष्टीच्या दिवशी यंत्र झाकलेलं असायचं, सबब माझा आकडा ग्राह्य धरू नये, असं स्वच्छ लिहिलं आणि सोबत पायऱ्यांची उंची जोडली. त्यांना नोंद घेणाऱ्याचीही सही हवी होती. मावशींनी कागद दोनदा वाचून घेतला. "माप काढून नेतील का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते यंत्र बसवल्याचंच कुणाच्या लक्षात नाही, काढून कोण नेणार? मग म्हणाल्या, "लिव तर. इरलं मी घातलं. पर सायबानं सांगितलं म्हनून घातलं, त्ये बी लिव." तेही लिहिलं. त्यांनी सही केली, दुसरीच्या मुलीच्या अक्षरात, पूर्ण नावानं. शोधनिबंध मी मागे घेतला. 'सुंदर' म्हणणाऱ्या परीक्षकाकडून त्यावर काही कळलं नाही.

पण कागद वर जाऊन खाली येईपर्यंत ओढा थांबणार नव्हता. पूल पावसाळ्यानंतरचा, आणि सुनेचे दिवस आषाढात भरत होते. तेव्हा सही झाल्यावर मी मावशींना म्हटलं, हिला माझ्याकडे पाठवा. तळेगावात दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. नवरा तिचा चिंचवडला कंपनीत आहे, त्यालाही तिथून बरं पडेल. मावशींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी उपकार करतेय की फेड, हे त्या बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "येका रेघंवर हाय तवर ने."

ती सहा आठवडे आमच्याकडे राहिली. पहिले दोन दिवस गॅलरीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ताई, हितं पाऊस लाजत पडतो." मी तिला सांगितलं की जगाच्या मॉडेलला हा फरक दिसत नाही. तिला ते मी केलेली थट्टा वाटली.

आषाढातल्या एका पहाटे कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पायी गेलो, तीन इमारती ओलांडून. तिचा नवरा पहिल्या गाडीनं आला आणि बाकावर बसून राहिला, गुडघे हलवत. सात वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. मी मावशींना फोन लावत राहिले. लागेना. वाडीत रेंज फक्त देवळामागच्या खडकावर. शेवटी आठ-चाळीसला त्यांचाच आला. मागे पावसाचा असा आवाज की त्यांना ओरडावं लागत होतं.

"म्याडम, आज इरलं घातलं न्हाई. भरून व्हायलंय. आकडा काय लिवू?"

"भरून वाहिलं, असंच लिहा."

"सायब?"

"साहेब गेला खड्ड्यात. लिहा. आणि मावशी, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

फोनमध्ये नुसता पाऊस ऐकू येत होता. मला वाटलं रेंज गेली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सात-दहाला."

"तवा मी वढ्यावर व्हते," त्या म्हणाल्या. "सा पायऱ्या पानी व्हतं." आणि मग त्या रडायला लागल्या. मीही रडले, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून, येणारे-जाणारे बघत असताना.

पावसाळा सरल्यावर स्लॅबच्या पुलाचं काम सुरू झालं, सगळ्यात वरच्या पायरीच्याही वर. तीन नळ अजून काठावर आहेत. त्यांत शेळ्या बसतात. आता मावशींकडे मोठी बाटली आहे आणि इरलं माळ्यावर गेलंय.

दिवाळीनंतर नवी वही आली तेव्हा मी आमच्या आकडे भरणाऱ्या बाईंना जाऊन सांगितलं की या वेळी समासातलं सगळं उतरवून घ्यायचं, काही सोडायचं नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'मी तेव्हाच विचारलं होतं' हे त्या म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. दुपारी त्या वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. आषाढातलं पान. पावसाच्या रकान्यात 'भरून वाहिलं'. समासात सहा रेघा, आणि त्यांच्यापुढे, पेन्सिलीनं नव्हे, पेनानं, एक शब्द.

"पायऱ्यांना रकाना केलाय," त्या म्हणाल्या. "हे 'नात' कुठे टाकू?"

मी म्हटलं, "आणखी एक रकाना करा."